गेटवर वाजणारा फोन

आमच्या कारखान्यात आत फोन नेता येत नाही. सॉल्व्हंटची वाफ असते, ठिणगीचा धोका नको, म्हणून गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमधल्या लाकडी खणात फोन ठेवायचा आणि खणाचा पत्र्याचा बिल्ला खिशात टाकून आत जायचं. मी शिफ्ट इनचार्ज आहे, तरी मलाही तोच नियम. तारापूरला आल्यापासून मी तो पाळत आलो आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. आठ तास कुणाची हाक नाही.

गेल्या दिवाळीनंतर मात्र शिफ्ट सुटून फोन हातात घेतला की स्क्रीनवर कोड दिसायला लागले. सहा आकडी. पाठवणाऱ्याचं नाव चार-पाच इंग्रजी अक्षरांचं, ज्याचा काही अर्थ लागू नये असं. 'आपला प्रवेश कोड. दहा मिनिटांसाठी वैध. कुणालाही सांगू नका.' कधी एक असायचा, कधी लागोपाठ तीन. आले असायचे दुपारी एक ते दोनच्या मध्ये, म्हणजे मी वाचायचो तेव्हा सगळे बाद झालेले.

गेटवरचे वॉचमन चिंचणीचे. माझ्याहून वयाने मोठे, आवाज मोकळा. ते म्हणाले, "साहेब, तुमचा फोन आज पन लय टुणटुणला. कोन हाय एवढा मागं लागलेला?"

मागे उभा असलेला आमचा एक ऑपरेटर म्हणाला, "साहब, चुपके से लोन-वोन लिया क्या? ये ऐप वाले ऐसेच पीछे पड़ते हैं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी कर्ज घेतलेलं नव्हतं, पण माझ्या नावावर दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर? दर सोमवारी शिफ्टच्या आधी सुरक्षेची बैठक होते. तिथे हल्ली हेल्मेट-गॉगल्सच्या बरोबरीने ओटीपीबद्दलही सांगतात, कारण आमच्यातल्या दोघा-तिघांची खाती अशीच साफ झाली आहेत. माझी सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी मी बोईसरच्या बँकेत गेलो. खिडकीवरच्या मुलीने मेसेज पाहिला आणि म्हणाली, "हा आमचा नाही, काका. कशाचा आहे सांगता येणार नाही. तुम्ही कुणाला देऊ नका, म्हणजे झालं." मी तिथेच बसून सगळे पिन बदलले. मन शांत झालं नाहीच.

खरं म्हणजे ते आधीपासूनच शांत नव्हतं, आणि कारण दुसरं होतं. माझी मुलगी पालघरला कॉलेजात शिकते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याच सुमारास तिने वर्गात बसणं सोडलं होतं. सकाळी डबा घेऊन निघायची, पालघरला पोचायचीही, पण लेक्चरला जायची नाही. कॉलेजचा मेसेज आला तेव्हा आम्हाला कळलं. हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते, तिची निम्म्याच्याही खाली होती. असंच राहिलं तर परीक्षेला बसू देणार नव्हते. प्रॅक्टिकलची परीक्षा त्यातही आधी होती.

मी विचारलं. ती म्हणाली, "वर्गात दार लावलं की श्वास घेता येत नाही, पप्पा."

श्वास म्हटल्यावर मी तिला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो काढला, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी सगळे आकडे दिलेल्या मर्यादेत. ते कागद हातात घेऊन मी जिना उतरलो तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. मी तिला म्हणालो, "बघ, काही झालेलं नाही." ती "हो" म्हणाली. तिने खजूर आणि लोहाच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली आणि वर्गात जाणं मात्र सुरू केलं नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. कोड फोनवर येत होते आणि मुलगी घरात गप्प होत होती, एवढंच मला दिसत होतं.

संबंध लागला तो एका रविवारी संध्याकाळी. मी चहा पीत होतो. ती दारात येऊन उभी राहिली. "पप्पा, तुमच्या फोनवर आता एक कोड येईल. सांगता?"

तेवढ्यात फोन वाजला. तेच नाव.

"हे तू करतेस?"

"कॉलेजचं आहे."

"कॉलेजचं नाव कुठाय यात?"

"नसतं ते."

"मग काय आहे ते सांग. सांगितलंस की देतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. दहा मिनिटांपैकी दोन-तीन तशीच गेली असतील. मग म्हणाली, "राहू दे," आणि आत गेली. माझं त्यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. फोन माझा, येणारा कोड मला, आणि तो कशाचा हे मला कळू नये, हा कुठला हिशेब? मी बायकोला तसं म्हणालो. तिने कणकेचा हात धुतला आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही थोडं हळू बोलत जा तिच्याशी." मी हळूच बोललो होतो.

माझ्या फोनवर कोड येण्याचं कारण साधं होतं. प्रवेशाच्या वेळी बोईसरच्या सायबर कॅफेत ऑनलाइन अर्ज भरला, तेव्हा विद्यार्थ्याचा मोबाइल आणि पालकाचा मोबाइल असे दोन रकाने होते. मी दोन्हींत माझाच नंबर दिला. मुलं सिमकार्ड बदलत राहतात, सूचना चुकू नये, फीची तारीख चुकू नये. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेकांनी तसंच केलं आहे. आम्ही सातारा, सांगली, जळगावकडून नोकरीसाठी इथे आलेली माणसं. इथे मागेपुढे कुणी नाही, म्हणून सगळं आपल्या हाताखाली ठेवायची सवय. त्यामुळे पालघरला दुपारच्या सुट्टीत तिने मागवलेला कोड गेटवरच्या खणात येऊन बाद व्हायचा.

पुढच्याच आठवड्यात मी शिफ्ट संपवून गेटवर आलो. वॉचमनदादांनी बिल्ला घेतला, फोन दिला आणि हसत म्हणाले, "साहेब, दुपारला तुमच्या पोरीचा फोन आलता. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा मी उचलला. म्हटलं घरचं कायतरी असेल."

"काय झालं?"

"काय नाय. म्हंगाली, काका, वरती आकडे आले हायत ते वाचून दाखवा. दाखवले. थँक्यू म्हंगाली."

मी गेटवरच ओरडलो. इतक्या मोठ्याने मी कारखान्यात कधी बोललो नव्हतो. "तुम्हाला कळत नाही का? दर सोमवारी सांगतात ना? दुसऱ्याच्या फोनवरचा ओटीपी वाचून दाखवता? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

त्यांचं हसू गेलं. "ती तुमचीच पोर ना, साहेब? आवाज रडका होता तिचा. मी काय इच्यारनार?"

सुटणारी शिफ्ट आमच्या आजूबाजूने जात होती. एकाने मोटरसायकल चालू करून पुन्हा बंद केली, ऐकायला. मी म्हणालो, "पुन्हा माझ्या फोनला हात लावू नका," आणि निघालो. सालवडच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. तिथे थांबलो असताना 'आवाज रडका होता' हे शब्द डोक्यात येत राहिले. तरी घरी पोचेपर्यंत राग उतरला नाही.

"तू परक्या माणसाला कोड विचारलास?"

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुस्तक उघडं होतं, पण ती वाचत नव्हती. म्हणाली, "परका माणूस विचारत तरी नाही कशाला हवा."

एवढं बोलून ती उठली नाही, रडलीही नाही. मीच उठून गॅलरीत गेलो.

त्यानंतर कोड यायचे बंद झाले.

मला वाटलं होतं, हे बंद झालं की बरं वाटेल. झालं उलटंच. शिफ्ट सुटली की मी फोन घेऊन आधी स्क्रीन बघायचो. रिकामी. वॉचमनदादा आता माझ्याशी बोलत नव्हते. बिल्ला घ्यायचे, फोन सरकवायचे. आत रिअ‍ॅक्टरवर तापमान लिहिताना मला सारखं वाटायचं की बाहेर फोन वाजतो आहे. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम गेटपर्यंत चालत गेलो आणि खणातल्या फोनकडे नुसतं पाहून परत आलो. घरी ती दिवसच्या दिवस पांघरूण घेऊन पडून राहायला लागली. डबा घेऊन निघणंही थांबलं. म्हणजे निदान पालघरपर्यंत जात होती, तेही गेलं. परीक्षा महिन्यावर आली होती.

शेवटी बायकोशी भांडण झालं. मी म्हणालो, "तिला बोलायचं तर आपल्याशी का बोलत नाही? आपण काय मेलोय?"

"बोलली ना. श्वास घेता येत नाही म्हणाली. तुम्ही फोटो काढून आणलात छातीचा."

"मग काय करायचं होतं?"

"मला काय माहीत? मला माहीत असतं तर मीच केलं असतं." तिने दार लोटून घेतलं. "वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं होतं तिने आधी. कुणाला असं होतं का म्हणून. पोरांनी हसरी तोंडं टाकली. एकाने ऑक्सिजनच्या नळकांड्याचं चित्र टाकलं. तिने मेसेज पुसला, पण सगळ्यांनी वाचलेला. मग एका मुलीने वेगळा मेसेज करून हे कोड टाकून उघडायचं दुसरं ठिकाण सांगितलं. तिथे कुणीतरी बाई आहेत, त्यांच्याशी लिहून बोलायचं. नाव दिसत नाही. मलाही एवढंच सांगितलंय."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"तिने सांगू नको म्हटलं होतं. मी तर आत्ताही सांगायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पालघरला गेलो. मुलीला सांगितलं नाही. कॉलेजच्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर करत शेवटी एका मॅडमकडे पोचलो. विद्यार्थ्यांच्या मदतीचं काम त्यांच्याकडे होतं. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक कपाट, आणि दार उघडंच ठेवलेलं.

मी सांगितलं की कोड माझ्या फोनवर येतात. मुलगी तिथे काय लिहिते, ते मला कळलं तर मी काहीतरी करू शकेन.

त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी तिथे लिहिते की नाही, हेही मी सांगू शकत नाही. मलाच दिसत नाही ते. बाहेरची संस्था आहे, त्यांची माणसं बोलतात. कॉलेजने फक्त नंबरांची यादी दिली आहे, आपलेच विद्यार्थी आहेत याची खात्री म्हणून."

"मग दर वेळी कोड कशाला?"

"दुसऱ्या कुणी उघडून वाचू नये म्हणून."

हे बोलल्यावर त्यांनाच हसू आलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही. निम्म्या वर्गाचे नंबर वडिलांचे, भावांचे आहेत. वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या काही मुलींच्या घरात एकच फोन असतो. दिवाळीनंतर बाप वीटभट्टीवर जातो, फोन त्याच्याबरोबर जातो. एक मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून भट्टीवर फोन लावते, बाप कोड वाचून दाखवतो. तिकडे रेंज असेल तर."

"नंबर बदलता येईल का?"

"येईल. विद्यार्थिनीने स्वतः अर्ज करायचा, ऑनलाइन. खात्रीसाठी कोड येईल." त्यांनी माझ्या खिशातल्या फोनकडे पाहिलं. "जुन्या नंबरवर."

मी बाहेर आलो. आवारात मुलं घोळक्याने उभी होती, बहुतेकांच्या माना फोनमध्ये. त्यातलं कोण नोट्स मागतंय, कोण सिनेमा बघतंय आणि कोण कुठल्या न दिसणाऱ्या बाईला लिहितंय, हे बाहेरून ओळखण्याची काही सोय नव्हती. मी उगाचच पाहत राहिलो. एका मुलाने माझ्याकडे संशयाने बघितलं, तेव्हा निघालो.

घरी येऊन मी मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आत गेलो नाही. म्हणालो, "नंबर बदलायचा अर्ज ऑनलाइन होतो म्हणे. तुझा नंबर टाक. कोड माझ्याकडे येईल, तो देतो."

ती उठून बसली. "तुम्ही कॉलेजात गेला होता?"

"हो."

"मॅडमना भेटलात?"

"हो. त्यांनी काही सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत ना पण."

"विचारलं."

तिने पांघरूण पुन्हा पायांवर ओढलं. मला वाटलं, हेही गेलं. मग तिने उशीखालून फोन काढला. नेट सुरू होईना, पान अर्धवट उघडायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी दारातच उभा. कोड आला. मी आकडे वाचले. तिने टाकले. चुकले. "पप्पा, नीट वाचा ना!" बऱ्याच दिवसांनी ती माझ्यावर अशी चिडली. मी चष्मा लावून पुन्हा वाचले. दुसऱ्यांदा झालं.

"झालं?"

"झालं. आता तुमच्याकडे काही येणार नाही."

ती हे कोरडेपणाने बोलली. मी "बरं" म्हटलं. इतके दिवस निदान एवढं तरी कळायचं की आज दुपारी तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. आता तेही कळणार नव्हतं.

पुढचे दिवस मी फार अस्वस्थ होतो. ती लिहिते आहे का? लिहिते तर काय? त्या बाई शिकलेल्या आहेत ना, की कुणीही बसवलंय? माझ्याबद्दल काय लिहीत असेल? एकदा विचारायला तोंड उघडलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली, कारण मीठ बरोबर होतं. वॉचमनदादांना मी सांगितलं की त्या दिवशी माझं बोलणं जास्त झालं. ते म्हणाले, "पोर बरी हाय ना?" मी म्हणालो, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

ती पुन्हा डबा नेऊ लागली. हजेरी काही भरून निघण्यासारखी नव्हती. तिने स्वतःच मॅडमना भेटून अर्ज दिला आणि प्राचार्यांनी प्रॅक्टिकलला बसायची परवानगी दिली. लेखी परीक्षेचं नंतर बघू म्हणाले. म्हणजे सगळं त्या एका प्रॅक्टिकलवर आलं. प्रयोगशाळेचं दार परीक्षेच्या वेळी बंद करतात, हे ती आदल्या दिवशी दोनदा म्हणाली.

सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "पप्पा, तुम्ही येता? आत नाही. कॉलेजात कुठेतरी थांबा."

मी पुन्हा रजा टाकली. कॉलेजात पोचल्यावर तिने मला प्रयोगशाळेच्या समोर, आवाराच्या पलीकडे झाडाखालचा कट्टा दाखवला. "इथे बसा. माझ्याकडे बघून हात वगैरे करू नका." मुलं आत गेली. बॅगा बाहेर व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवल्या होत्या. दार लागलं.

मी कट्ट्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एक शिपाई येऊन विचारून गेला, कुणाचे पालक. काचेच्या खिडक्यांमधून पांढरे कोट हलताना दिसत होते. कुठला तिचा, ते कळत नव्हतं.

अर्धा तास झाला नसेल, दार उघडलं आणि ती बाहेर आली. एकटी. कोट अंगात तसाच. व्हरांड्याच्या कठड्याला दोन्ही हात टेकवून वाकली. तिची पाठ वरखाली होताना मला इतक्या लांबून दिसत होती. मी उभा राहिलो. तिने मान वर केली आणि तिला मी दिसलो, यात शंका नाही. मी एक पाऊल टाकलं.

ती वळली, भिंतीजवळच्या बॅगेतून फोन काढला आणि काहीतरी लिहिलं. थोडंच. मग फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिली. दारातून परीक्षकांनी डोकावलं, काही विचारलं. तिने फोनकडे बोट दाखवून मान हलवली. ते दारातच थांबले. मी जिथे होतो तिथे थांबलो. सगळेच थांबलो होतो, पालघरमध्ये नसलेल्या कुठल्यातरी एका माणसाने काहीतरी लिहून पाठवावं म्हणून.

फोन उजळला असावा. तिने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं असावं, कारण वेळ लागला. तिने फोन बॅगेत ठेवला, परीक्षकांशी दोन शब्द बोलली आणि आत गेली. दार या वेळी त्यांनी पूर्ण लावलं नाही, हातभर उघडं ठेवलं. मी कट्ट्यावर परत जाऊन बसलो. त्या फटीतून काही दिसत नव्हतं. तरी परीक्षा सुटेपर्यंत मी तिकडेच बघत होतो.